'माहेरची साडी' मला आवडतो, याबद्दल

ताई, तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. 'माहेरची साडी' अजूनही आवडतो असं मी लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: समीक्षकांनी रडारड म्हणून केव्हाच मोडीत काढलेला, बायकांना मुकाट सोसायला शिकवणारा, वर राजस्थानी सिनेमावरून उचललेला हा चित्रपट, आणि लहानपणीच्या आठवणींच्या जोरावर त्याची भलामण करणं शिकलेल्या बाईला शोभत नाही.

अशा वेळी लोक 'शोले'चा दाखला देतात. १९७५ साली त्याच्यावर सुरुवातीला बरीच टीका झाली आणि पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. मला तो दाखला नको. 'शोले'च्या बाबतीत समीक्षकांचा अंदाज चुकला. 'माहेरची साडी'त त्यांनी दाखवलेले दोष आजही तिथेच आहेत. प्रत्येक धक्क्याला पार्श्वसंगीताचा दणका. सासू दुष्ट म्हणजे पहिल्या प्रसंगापासून दुष्टच. गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला तेव्हा हे सगळं मला दिसलं, आणि तरी मी जागची हलले नाही. अलका कुबल रडताना चेहरा सुंदर ठेवायची धडपड करत नाहीत. उषा नाडकर्णींची नुसती नजर वळली तरी आपण सावरून बसतो. हे मला आजही आवडतं, त्यामुळे नुसत्या आठवणींवर सगळं ढकलता येणार नाही.

पण आठवणही सांगते, कारण माझं खरं म्हणणं तिच्यातच आहे.

सिनेमा १९९१ चा. मी तेव्हा पाचवीत होते. आम्ही जुन्या नाशकात वाड्यात राहायचो. आजी, आई, वाड्यातल्या चार बायका आणि मी, असे दुपारच्या खेळाला गेलो. थिएटरात निम्म्याहून अधिक बायका खेड्यांतून आलेल्या होत्या, दिंडोरीकडच्या, निफाडकडच्या. एसटीनं सीबीएसवर, म्हणजे नाशकाच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून थेट आलेल्या, कुणाच्या मांडीवर भाकरीचं फडकं, कुणाच्या कडेवर पोर. माझ्या एका बाजूला आई, तिच्या पलीकडे आजी. म्हणजे सासू-सून शेजारी शेजारी.

सासू पडद्यावर आली की मागून शिव्या. "मुडदा बशिवला हिचा," एक बाई मोठ्यानं म्हणाली आणि अख्ख्या रांगेनं तिला दुजोरा दिला. कुणीही मुकाट बसलं नव्हतं ताई. नायिका सोसत होती, प्रेक्षक सोसत नव्हते. समीक्षक सिनेमा बहुधा प्रीव्ह्यू थिएटरात बघतात, दहा-वीस जाणत्या माणसांबरोबर. त्यांनी पडदा नीट पाहिला असेल. ते सभागृह त्यांना कुठून दिसणार?

आजी पदर तोंडाला लावून रडत होती. आई रडली नाही. ती अधूनमधून आजीकडे बघत होती, एवढंच मला आठवतं.

मेनरोडवरून रविवार कारंज्याकडे चालत आलो तेव्हा कुणी फारसं बोललं नाही. रात्री जेवणं झाल्यावर आजी तांदूळ निवडायला बसली आणि आपण होऊन सांगायला लागली. लग्नानंतर तिला तीन वर्षं माहेरी पाठवलं नव्हतं. वडील गेल्याचा निरोप आला, तोही सासूनं दोन दिवस दाबून ठेवला. दहाव्यालासुद्धा जाता आलं नाही. माझ्या वडिलांनीही हे त्या रात्री पहिल्यांदाच ऐकलं. आई भांडी पुसत होती. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आणि मला?"

एवढंच. आजीनं उत्तर दिलं नाही. मान खाली घालून खडे वेचत राहिली. पण आमच्या घरात आईनं असा प्रश्न त्याआधी कधी विचारला नव्हता.

राजस्थानी सिनेमाबद्दल. हो, १९८८ च्या 'बाई चाली सासरिये'वरूनच तो केला. पण सासुरवास काय एका भाषेचा आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. माहेरची ओढ, वाट बघायला लावणारा भाऊ, सासूचा जाच, हे त्यांत पुन्हा पुन्हा येतं. तिथे आपण त्याला लोकसाहित्य म्हणतो, आदरानं अभ्यास करतो. तेच दुःख तिकीट काढून बघायला बायका आल्या की त्याची रडारड होते. याचा मला मनापासून राग येतो. ओवीचं मोल सिनेमाला आपोआप मिळत नाही हे मान्य आहे. पण ऐकणारी बाई तर तीच होती ना!

एका मुद्द्यावर मात्र तुमचं बरोबर आहे आणि मला तो टाळायचा नाही. सोसणं हेच नायिकेचं मोठेपण, असं हा सिनेमा मानतो. ज्या बाईला घरी जाऊन "आणि मला?" विचारायची सोय नव्हती, तिनं त्यातून काय घेतलं असेल? परतीच्या एसटीत बसलेल्या त्या बायकांबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. फक्त माझ्या घरचं लिहून मोकळी झाले होते. मूळ लेखात हा परिच्छेद आज रात्री घालते आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. 'आवडतो' हा शब्द मात्र तसाच राहील.