‘६० किलोवॅटच्या चार्जरवर ३०च मिळते’ याबद्दल खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय: इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनवर पाटी ६० किलोवॅटची, स्क्रीनवर आकडा ३०चा, म्हणजे स्टेशनवाला उरलेली वीज खातो. हे खरं नाही.

पाटीवरचा आकडा ही चार्जरची कमाल क्षमता. प्रत्यक्षात किती घ्यायचं ते गाडीच ठरवते. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं टोक, गाडीला लावली की गाडीतली बॅटरी सांभाळणारी यंत्रणा चार्जरला सतत कळवत राहते, आत्ता एवढाच करंट दे. बॅटरी थंड पडलेली किंवा फार तापलेली असेल, तर ती हात आखडता घेते. ८० टक्क्यांच्या पुढे तर स्क्रीनवरचा आकडा आपल्या डोळ्यांदेखत उतरत जातो; बॅटरी जपण्यासाठी ते लागतंच. शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली की काही चार्जर वीज वाटूनही देतात.

हे झालं फास्ट, म्हणजे डीसी चार्जरचं. घरातल्यासारखी एसी वीज देणाऱ्या चार्जरचं गणित वेगळं. तिथे मर्यादा, ती वीज बॅटरीसाठी बदलून घेणाऱ्या गाडीतल्या चार्जरची. तो ७.२ किलोवॅटचा असेल, तर २२च्या पॉइंटवरही ७.२च मिळणार.

आणि बिल युनिटवर असेल, तर वेग कमी म्हणून पैसे जास्त जात नाहीत. मिनिटांवर असेल तिथे मात्र जातात, तेव्हा दर आधी वाचा. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.