पतंग धरणाऱ्यानं ‘नाही’ म्हणावं

वादळी वाऱ्यात काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीनं पाण्यावर फळीवरून सरकण्याचा खेळ) करणाऱ्यांचे व्हिडिओ दोन दिवस सारखे समोर येतायत. खाली बदाम आणि टाळ्यांचा खच. माझी नजर मात्र उडी मारणाऱ्यावर ठरत नाही, किनाऱ्यावर पतंग धरून उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडे जाते. त्या जागी मी उभी होते, म्हणून.

तीन वर्षं झाली. दुपारभर छान लागलेला वारा अचानक पडला. हवामानाच्या ॲपवर वाऱ्याचा सरासरी वेग 24 नॉट (ताशी सुमारे 44 किलोमीटर) आणि गस्ट, म्हणजे अचानक येणारे झोत, 41, असे दोन आकडे होते. आम्ही पहिलाच वाचला. मित्र म्हणाला, "वारा गेला, आता मोठा, 12 चौरस मीटरचाच पतंग लावतो." क्षितिजावर काळा ढग होता, त्याखाली पावसाचा पडदा. मी पतंग धरला. फुगवलेली पुढची नळी मांडीला टेकली होती आणि कापड जेमतेम हलत होतं. तेवढ्यात मानेला गार हवा लागली, कापड फडफडायला लागलं. त्यानं अंगठा वर केला, "सोड गं!" मी सोडला.

एरवी पतंग कडेकडेनं सावकाश वर चढतो. हा सणकन डोक्यावर गेला आणि मित्राचे पाय वाळूवरून सुटले. वीसेक मीटरवर जाऊन आपटला. खांद्याजवळचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. तिथून दहा पावलांवर दगडी बांध होता. ती दहा पावलं अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

तो वारा का पडला होता, ते मला नंतर कळलं. मोठ्या पावसाळी ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीला लागून चहूकडे पसरते. पाऊस पोहोचायच्या आधीच ती पोहोचते, आणि ती येण्यापूर्वी बऱ्याचदा आधीचा वारा मंदावतो किंवा दिशा बदलतो. नेमकी तेव्हाच माणसं मोठा पतंग काढतात. पाण्यावर काळपट पट्टा सरकताना दिसला, अंगाला गारवा लागला, की पतंग खाली घ्यायलाही फार वेळ उरत नाही.

त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. 20 नॉटचे 40 झाले की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. 25 नॉटला नीट झेपणारा पतंग 40 च्या झोतात अडीचपट खेचतो. 40 नॉट म्हणजे ताशी सुमारे 74 किलोमीटर, आणि हा फरक एखाद्या सेकंदात पडू शकतो.

"क्विक रिलीज असतो की," असं हमखास ऐकू येतं, म्हणजे ओढली की पतंगाची ताकद तोडणारी कळ. असतो, आणि चांगलाही असतो. पण घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो, अंगाकडे ओढतो. बार, म्हणजे पतंग हाकायचा हातातला दांडा, ओढला की पतंग आणखी ताकद घेतो. बार सोडायला हवा तेव्हाच मूठ आवळली जाते. शरीराची ही खोड मोडायला पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो, आणि शांत वाऱ्यात केलेला सराव त्या क्षणी आठवेलच असंही नाही. पाय सुटल्यावर तर रिलीज ओढायचा की नाही हाच प्रश्न पडतो, कारण ओढला तर तेवढ्या उंचीवरून खाली यायचं.

2008 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला, 'फे' वादळाच्या वेळी, एका काइटसर्फरला वाऱ्यानं उचललं. जमिनीवर आपटून, फरफटत नेऊन इमारतीवर धडकवलं. बातमीच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं. तो वाचला, पण गंभीर जखमी झाला. समुद्रात बुडायची भीती आपण घालतो. पण त्याला जखमी केलं ते जमिनीनं आणि भिंतीनं. म्हणून ढग अंगावर आलाच आणि तुम्ही किनाऱ्यापासून लांब पाण्यात असाल, तर घाईनं किनारा गाठू नका. तिथेच रिलीज ओढून पतंग निकामी करा.

केपटाउनच्या स्पर्धांचं उदाहरण लोक देतात. तिथले खेळाडू 35-40 नॉटमध्ये उडतात, खरं आहे. पण तिथला उन्हाळी आग्नेय वारा कोसळत्या ढगातून येत नाही, तासन्‌तास वाहतो. शिवाय पाण्यात बचाव पथक तयार असतं. तो वारा आणि आपल्या समोरचा काळा ढग यांची तुलनाच चूक आहे.

माझं म्हणणं पतंग धरणाऱ्यांना आहे. उडणाऱ्याला उडायची ओढ असते. त्यानं पंप मारलाय, लाइन्स (पतंगाच्या दोऱ्या) लावल्यात, सुट्टी काढलीय. त्याचं डोकं तेव्हा ठिकाणावर नसतं, हे मी त्याला दोष म्हणून सांगत नाही. पण आपण बाजूला उभे असतो, आपल्याला आकाश दिसतं. आपण सोडल्याशिवाय सहसा पतंग उडत नाही. तरी भिडेखातर सोडतो. मीही भिडेखातरच सोडला होता, मानेला गारवा लागलेला असूनही.

आता माझा नियम आहे: गस्ट सरासरीपेक्षा दहा नॉटनं जास्त असेल किंवा ढगाखाली पाऊस दिसत असेल, तर मी धरत नाही. दोन जण रागावले, एकानं बोलणं सोडलंय. तुम्हाला कुणी "जरा धर ना" म्हणालं, तर हात लावायच्या आधी त्याच्या पाठीमागचं आकाश बघा. पतंग आधीच हातात असेल, तर पुढची नळी वाऱ्याकडे करून तो वाळूवर उपडा ठेवा, कापडावर चार ओंजळी वाळू टाका, आणि मग काय वाद घालायचा तो घाला.