झेडपी शाळेत म्हणे आता फक्त 'बाहेरची' पोरं उरलीत

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. सिंधुदुर्गातल्या झेडपीच्या छोट्या शाळा बंद करा, असं थोडक्यात म्हणणं. कारणं अशी की मास्तर शिकवत नाहीत म्हणून पट घसरला, पंधरा पोरांमागे दोन मास्तर म्हणजे गावचा पैसा पाण्यात, तिथे आता उरलीत फक्त नेपाळ्यांची नि चिरेखाणीवाल्यांची (म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवरल्या मजुरांची) पोरं आणि त्यांच्यामुळे रिझल्ट पडतो, तेव्हा चार शाळांची एक करा नि बस लावा. असले मेसेज मी वाचतसुद्धा नाही, पण काल वहिनीचा फोन, "ताई, ह्या खरा आसा काय? चेडवाक इंग्लिश मिडियमाक घालूया काय?" भाची दुसरीत आहे, मराठी धडाधड वाचते, नि तिची आई एका फॉरवर्डमुळे रात्रभर जागी! मग मात्र डोकं सरकलं.

पटाचं आधी उरकते. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 ला 8,49,651. अख्खं राज्य वाढत होतं तेव्हा आपण नि रत्नागिरी कमी होत होतो. तरणी माणसं मुंबईला नाहीतर गोव्याला, घरात म्हातारा-म्हातारी, मग पोरं यायची कुठून? मास्तरांनी काय करायचं त्यात? (मी पण डोंबिवलीत बसूनच हे टाईप करतेय, म्हणून यावर जास्त बोलत नाही.)

आता "मास्तर शिकवत नाहीत". दहावीला आपलं कोकण बोर्ड (म्हणजे आपण नि रत्नागिरी) 2012 पासून दरवर्षी राज्यात पहिलं, 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. यावर कोणीतरी लगेच म्हणणार की दहावी हायस्कुलात होते, झेडपीत नाही. बरोबर, पण त्यातली बरीचशी पोरं सातवीपर्यंत कुठे होती? तरी टक्क्यांचं सोडा. आंध्रात मुरलीधरन आणि सुंदररामन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी मोठा प्रयोग केला होता, 2015 ला छापून आला. सरकारी शाळेतल्या पोरांची लॉटरी काढली, नंबर लागला त्यांची खाजगी शाळेतली फी भरली, नि चार वर्षांनी दोन्हीकडची पोरं तपासली. तेलुगू आणि गणितात काहीही फरक नाही. खाजगीवाली हिंदीत पुढे होती, कारण सरकारी शाळेत त्या इयत्तांना हिंदी शिकवतच नव्हते. म्हणजे चांगल्या घरची पोरं खाजगीत जातात म्हणून खाजगीचा रिझल्ट बरा दिसतो, लॉटरीने पाठवलीत की तो फरक बराचसा गळून पडतो. हां, त्याच अभ्यासात खाजगीचा दर पोरामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी निघाला, हे मलाही गिळावं लागतंय, पण तो कमी का, तर तिथे मास्तरला पगार चिमूटभर. आपल्या घरातली पोरगी डीएड होऊन तेवढ्यावर राबलेली चालेल का, ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

आणि आता ते नेपाळ्यांचं नि चिरेखाणीवाल्यांचं. हे वाचून खरंच संताप आला. हापूसची बाग राखायला नेपाळी कुटुंब चालतं, घराला चिरे काढायला कर्नाटकातला माणूस चालतो, त्याचं पोर आपल्या पोराच्या बाकावर बसलं की मात्र शाळा बाटली काय? घटनेचं कलम 21क "सहा ते चौदा वयाच्या सर्व बालकांना" मोफत शिक्षण म्हणतं, तिथे नागरिक हा शब्दसुद्धा नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि पोराला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. म्हणजे दहा वर्षांचं पोर, घरात कन्नड बोलणारं, कधी शाळा न बघितलेलं, एकदम पाचवीत. खाणी पावसात बंद, त्यामुळे जूनमध्ये शाळा भरते तेव्हा ते इथे नसतंच, दिवाळीच्या आसपास येतं आणि मग पाचवीचा पेपर! त्याला कमी पडले तर तो शाळेचा रिझल्ट कसा झाला? सहा महिन्यांत ते कुठून कुठे आलं ते मोजा की. आणि चौदा पोरांच्या शाळेत एक पोर म्हणजे सात टक्के, एकाला ताप आला तरी तुमचा आलेख पडणार.

बरं, ही पोरं गेली तर काय होईल याचा विचार केलाय? संचमान्यतेत, म्हणजे सरकार शाळेला मास्तरांची पदं मंजूर करतं त्यात, मास्तर मिळतात ते पटावर. पटावरची ही चार-पाच नावं काढा, दुसऱ्या मास्तरचं पद तिथेच धोक्यात. ज्यांना तुम्ही ओझं म्हणताय त्यांच्या जिवावर आपल्या पोरांना दुसरा मास्तर मिळतोय.

गावचा पैसा म्हणाल तर मास्तरचा पगार राज्य देतं, घरपट्टीतून जात नाही. शाळेला टाळं लावलंत तर मास्तरचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं, पगार चालूच राहतो. शाळेच्या हातात पडतं ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान, तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये. त्यात लाईटबिल, खडू, गळकी कौलं सगळं. एवढे वाचवून काय बांधणार आहात?

राहिली एकत्र शाळा. तीन पोरं आणि चार इयत्ता, खेळायला जोडीदार नाही, हे मलाही बरं वाटत नाही. जिथे रस्ता धड आहे आणि आईबाप तयार आहेत तिथे एकत्र करा, कोणी अडवलंय? पण पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हे नियमात आलं ते उगाच नाही. सहा वर्षांचं पोर जुलैत भरलेला वहाळ ओलांडून, साकवावरून, पलीकडच्या रस्त्यावर बस पकडायला कोणाबरोबर जाणार? बाप कामावर, आई शेतात लावणीला. बसचं डिझेल, ड्रायव्हर, पोरांना चढवायला-उतरवायला बाई, याचा खर्च फॉरवर्डमध्ये एका ओळीनेही नाही. तो आधी लिहून ग्रुपवर टाका, आणि एक पावसाळा बस चालवून दाखवा. शाळेला टाळं लावायचं त्यानंतर बोलू.