लुसैलची फायनल फिक्स होती म्हणे!

आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज टाकला: ‘२०२२ ची वर्ल्डकप फायनल फिक्स होती, हे घ्या पाच पुरावे.’ म्हणजे यजमान कतारच्या लुसैलमधली फुटबॉलची फायनल, अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं ती. एरवी सोडून दिलं असतं. पण भाचा तालमीच्या ज्युनिअर फुटबॉल टीमचा गोलकीपर. तो विचारायला लागला, ‘मामा, मग अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझ, त्याचा तो सेव्ह पण खोटा का?’ इथं डोकं सटकलं. आणि आधीच सांगतो, मी कोल्हापुरातला ब्राझीलवाला. क्रोएशियानं आमचा क्वार्टर फायनललाच बाजार उठवला होता, त्यामुळं अर्जेंटिनाची तळी उचलायची मला काही हौस नाही.

भाच्याचाच मुद्दा आधी घेतो, कारण त्याच्याइतकी फालतू गोष्ट त्या मेसेजात दुसरी नाही. म्हणे फ्रान्सच्या कोलो मुआनीनं शेवटच्या मिनिटाला मुद्दाम गोल घालवला. १८ डिसेंबरची ती मॅच आठवा. ३-३, एक्स्ट्रा टाइमही संपून वरची मिनिटं चाललेली. फ्रान्सच्याच कोनातेनं मागून लांब बॉल टाकला, कोलो मुआनी एकटा सुटला. मार्टिनेझ हातपाय फाकून पुढं आला आणि बॉल त्याच्या डाव्या पायावर आदळला. फटका बाहेर चालला नव्हता, गोलातच चालला होता. मुद्दाम घालवायचा तर माणूस आभाळात मारतो, नेम धरून कशाला मारेल? बरं, त्याच हल्ल्यातून बॉल पलीकडं गेला आणि अर्जेंटिनाच्या लाउतारोनं हेडर बाहेर घालवला. तोही विकला गेला होता का? अजून पुढं. ८० व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या ओटामेंडीनं पाडलं ते याच कोलो मुआनीला. त्या पेनल्टीवर फ्रान्सच्या एम्बापेनं २-१ केलं, दोन मिनिटांच्या आत दुसरा मारला, आणि मेलेली मॅच उठून बसली. शूटआउटमध्ये फ्रान्सकडून गोल मारले दोघांनीच: एम्बापे आणि हाच ‘विकलेला’ कोलो मुआनी. भाच्याला सांगितलं, तो सेव्ह दहादा बघ, दाजींचा मेसेज एकदाही वाचू नको.

‘पीएसजी, म्हणजे पॅरिसची क्लब टीम, कतारच्या मालकीची, मेस्सी पीएसजीचा, म्हणून कप मेस्सीला.’ अहो, मग एम्बापे काय आमच्या कोल्हापूरच्या पाटाकडील तालमीकडून खेळत होता? तोही तेव्हा पीएसजीचाच. त्याच वर्षी मे महिन्यात रिआल माद्रिदला नकार देऊन तिथला करार वाढवून बसला होता.

फ्रान्सवर विषप्रयोग झाला म्हणे. टीममध्ये सर्दीतापाची साथ होती, राबियो आणि उपामेकानो सेमीफायनलला नव्हते, एवढं खरं. फायनलला दोघंही सुरुवातीपासून मैदानात होते.

पेनल्टींचं बघू. फ्रान्सच्या डेंबेलेनं अर्जेंटिनाच्या डी मारियाला पाडल्याची पहिली पेनल्टी हलकी होती, मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. अख्ख्या स्पर्धेत अर्जेंटिनाला पाच पेनल्टी मिळाल्या हेही खरं. पण त्यातली एक पोलंडविरुद्ध मेस्सीनंच घालवली. आणि फायनलच्या १२० मिनिटांत पेनल्टी किती? अर्जेंटिनाला एक, फ्रान्सला दोन. हे फिक्सिंग असेल तर फारच ढिसाळ काम झालं.

राहिला मेस्सीचा १०८ व्या मिनिटाचा गोल. बॉल रेषा पार करायच्या आधीच अर्जेंटिनाचे बदली खेळाडू नाचत मैदानात शिरले होते. इथं मात्र नाइलाजानं मान्य करावं लागतं, मेसेजात थोडं तथ्य आहे. फुटबॉलचा नियम ३ तेव्हा असा होता की गोल करणाऱ्या संघाचा जादा माणूस मैदानात असेल आणि खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत रेफरीच्या ते लक्षात आलं, तर गोल रद्द. त्या माणसानं खेळात अडथळा आणला असेल तरच रद्द, ही सवलत २०२३ मध्ये आली. फ्रेंच पेपरांनी यावर काहूर उठवलं. त्यावर रेफरी मार्चिनिआक यांनी पत्रकारांसमोर मोबाइल काढून फोटोच दाखवला: एम्बापेचा गोल होताना फ्रान्सचे सात जण मैदानात घुसलेले. दाजी, नियमच लावायचा तर दोघांनाही लावा. अर्जेंटिनाचा एक गोल काढा, फ्रान्सचा एक काढा. उरतात २-२, म्हणजे परत शूटआउटच, आणि तिथं ४-२.