केबल गेली की पहिले बेडाच का आठवतो?

मागच्या आठवड्यात आमच्या शिवारातल्या दोन-तीन विहिरींवरून मोटरची केबल कापून नेली. हरभऱ्याचं ओलीत ऐन जोरात असताना हा फटका. चिडचिड होणारच. केबल जाळायची, तांबं काढायचं आणि भंगारात किलोवर विकायचं, हा धंदा आता काही नवा नाही. पण सकाळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज आला तो "बेड्यावर जाऊन पाहा" असा. बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. कुणी कुणाला पाहिलं नव्हतं, माग काढला नव्हता, तरी नाव ठरून गेलं. त्याखाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

पारधी बेड्याकडे बोट जातं ते आजचं नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कोणी काय केलं हे पाहायचंच नाही, कुणाच्या पोटी जन्मला तेवढं पाहायचं. पोलिसात हजेरी लावायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. मग आपल्याकडे १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो माणसापुरता, जमातीसाठी नाही. पण 'सराईत' कोण हे ठरवणारी नजर जुनीच राहिली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, तुरुंगात जात पाहून कामं वाटतात त्या प्रकरणाच्या निकालात, सुप्रीम कोर्टाला पोलिसांना बजावावं लागलं की विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, लोकांना मनमानीनं उचलू नका. कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाल्यावर!

इंग्रजांनी तो कायदा केला त्याच काळात, १८७६ मध्ये, इटलीतला लोम्ब्रोसो नावाचा डॉक्टर कवट्या आणि जबडे मोजून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखता येतो असं सांगत होता. शास्त्रानं त्याला केव्हाच निकालात काढलं. आमच्या ग्रुपवर मात्र तो अजून अ‍ॅडमिन आहे.

मला जास्त पटतं ते साईक्स आणि माट्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचं म्हणणं. १९५७ मध्ये त्यांनी वाया गेलेल्या पोरांबद्दल लिहिलं की या पोरांची नीती काही वेगळी नसते. चोरी वाईट हे त्यांनाही ठाऊक असतं. फक्त त्यांच्याकडे सबबी तयार असतात. माझा इलाज नव्हता. यात कुणाचं काय बिघडलं. त्याची तीच लायकी. मला शिकवणारे कोण मोठे साव लागून गेले. आणि मी हे आपल्या माणसांसाठी केलं. अशा पाच.

आता आमच्या डीपीखाली, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरखाली, उभं राहून ऐका, तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे काय म्हणतात. "कोटेशन भरून दोन साल झाले, कनेक्शन देत नाही, मंग आकडा नाही टाकीन तं काय करीन?" "एवढ्याशा लाइनीनं कंपनीचं काय जाते बाप्पा?" "वरचे काय कमी खातात?" "पीक वाळू देऊ काय, लेकराइले काय खाऊ घालू?" पाचपैकी चार सबबी इथंच झाल्या. पाचवी, "त्याची तीच लायकी", बिल घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल रोजच ऐकू येते. २००३ च्या वीज कायद्यात आकड्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तरी आकडा टाकणारा एकही माणूस स्वतःला गुन्हेगार समजत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्याला तसं समजत नाही. त्याची अडचण मला माहीत आहे म्हणून. बेड्यावरच्या माणसाची अडचण आपण कधी विचारली? रानातला तितर धरून पोट भरणाऱ्यांचा तो पिढीजात धंदा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा झाला. जंगली जनावरं वाचली पाहिजेत, वाद नाही. पण त्या बदल्यात त्यांच्या हाती दुसरं काम फारसं कुणी दिलं नाही.

आणि गुन्हा म्हणजे तरी काय? आमच्याकडून वर्धा नदीचा पूल ओलांडला की पलीकडे पुलगाव. इकडे अमरावती जिल्ह्यात दुकानातून बाटली घेतली तर तुम्ही गिऱ्हाईक, तीच बाटली पुलापलीकडे नेली की आरोपी, कारण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली, २०२१ मध्ये उठली. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, तेच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली. तळेगाव दशासरच्या पटात जोडी धावली की टाळ्या वाजवणारे आपण, मधली काही वर्षं तीच जोडी पळवणं गुन्हा होता.

यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ चं. फवारणीचं औषध पिऊन जो वाचला, त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा. नाकात नळी, अंगावर सरकारी दवाखान्याची चादर, बायको जमिनीवर बसलेली, आणि खाटेशी जमादार जबाब लिहितोय. विदर्भात हे किती घरांनी पाहिलंय! मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते सरसकट कलमच राहिलं नाही. काल गुन्हेगार, आज रुग्ण.

म्हणून सगळे गुन्हे सरकारी कागदाचे खेळ आहेत असं मी म्हणत नाही. केबल गेली त्याचा हरभरा खरंच वाळतो. तो चोर सापडलाच पाहिजे. भंगारवाल्याकडे विचारा, जळकं तांबं कुणी आणलं. आणि बायकोला मारणं कायद्यात असो-नसो, मारच आहे. बायकोच्या छळाचं कलम ४९८ अ १९८३ पासून होतं, घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा. पण दारूच्या झोकात बायकोचा हात मोडणाऱ्याबद्दल ग्रुपवर एकही मेसेज पडत नाही. चार जण बसतात, "घरातली गोष्ट आहे, जाऊ द्या" म्हणतात, चहा होतो, मिटतं. तितर धरणारा गुन्हेगार आणि हा "रागीट स्वभावाचा". माझा संताप यावर आहे.

आता पोरांचं. पुलावरून दारूच्या पेट्या पोचवणारे बहुतेक अठरा-वीस वर्षांचे. मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये मांडलं की या वयात वाट सोडणारी बहुतेक पोरं पुढं आपोआप सुधारतात, जन्मभर त्याच रस्त्यावर राहणारे थोडे. आपल्याकडंही लग्न झालं, हाताला काम लागलं की पोरगं निवळतं. पण मधेच केस पडली की गणित फिरतं. आमच्या गावचा एक पोरगा पहाटे धुऱ्यावर सोळाशे मीटरची प्रॅक्टिस करायचा, पोलीस भरतीसाठी. एका खेपेत सापडला. आता चारित्र्य पडताळणीत नाव अडकणार, म्हणून धावणं सोडलं. त्याला रोजचं काम देतो तो एकच माणूस, ज्यानं पहिली पेटी दिली.

ज्यांच्या घरी असा पोरगा आहे त्यांनी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याबद्दल वकिलाला जरूर विचारा. काही गुन्ह्यांत शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं, आणि एकवीस वर्षांखालच्याला शक्यतो तुरुंगात पाठवू नये असंही त्यात आहे. आपल्या कलमाला तो लागतो की नाही, हे तारखेच्या आधीच विचारून घ्या, निकाल लागल्यावर नाही.