वहिनींची बाटली

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, संपली की राजवाड्यासमोरचा रस्ता बघता बघता लख्ख होतो. गुलाल उरतो तो आम्हा इंदूरकरांच्या डोळ्यांत. त्यात माळव्यात गव्हाच्या कापणीचे दिवस. डोळे चोळचोळून टोमॅटो झाले की घरातून सल्ला येतोच: "फ्रिजच्या दारात डोळ्यांच्या थेंबांची बाटली बघ, मागच्या वर्षी वहिनींना तिने दोन दिवसांत आराम पडला होता!"

आमच्या घरांत चष्मा सोडला तर सगळं सामाईक. आता वहिनींच्या बाटलीवरचं नाव वाचायचं, तर नेमके डोळेच उघडत नाहीत. तरी वाचावं. ऑलोपॅटाडिन हे अ‍ॅलर्जीचं औषध असेल तर मामला त्यातल्या त्यात सरळ: सहसा ०.१ टक्केवालं दिवसातून दोनदा, ०.२ टक्केवालं एकदाच. पण डेक्सामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल निघालं तर ते स्टेरॉइड. खाज झटक्यात थांबते आणि घोटाळा तिथेच होतो! माणूस खूश होऊन महिनोन्‌महिने घालत राहतो. आत डोळ्याचा दाब चढतो, तो कळत नाही. कळतो तेव्हा काचबिंदू झालेला असतो. मोतीबिंदूही लवकर येतो. डोळ्यात नागिणीच्या जातीचा संसर्ग असेल तर स्टेरॉइड म्हणजे आगीत तूप. लाली घालवणारं नॅफाझोलिन वेगळ्या तऱ्हेचं: रोज घालून थांबवलं की लाली पाहुण्यांसारखी परत येते, जास्त सामान घेऊन.

डॉक्टरांपुढे आपण "खाज येते" एवढंच बोलतो. काचबिंदू, डोळ्याचं ऑपरेशन, गरोदरपण, अंगावरचं बाळ, चालू गोळ्या हे सगळं दार लोटून बाहेर आल्यावर आठवतं. आणि डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, धूसर दिसत असेल किंवा पिवळा चिकटा येत असेल, तर ती नुसती अ‍ॅलर्जी समजू नये. त्याच दिवशी दाखवावं.

आता मुख्य प्रयोग. आधी हात साबणाने धुवा. पोह्यांवरचा जीरावण मसाला बोटाला असेल तर खाज हा शब्दच विसराल. लेन्स काढा, बऱ्याच थेंबांतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे औषध टिकवणारं रसायन मऊ लेन्समध्ये मुरतं, म्हणून परत घालायला किमान १५ मिनिटं थांबा. मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, एकच थेंब. डोळ्यात तोही पुरता मावत नाही, दुसरा गालासाठीच असतो. बाटलीचं तोंड पापणीला टेकवू नका, नाहीतर जंतू थेट आत. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा. नाही दाबला तर औषध अश्रूंच्या नळीतून घशात उतरतं आणि सकाळची जिलेबी कडू लागते. दुसरे थेंब असतील तर मध्ये ५ ते १० मिनिटं जाऊ द्या.

उघडलेली बाटली साधारण महिनाभर चालते, म्हणून तारीख लिहून ठेवायची. महिना संपतो. "अगं, अर्धी आहे की अजून!" आणि बाटली पुन्हा फ्रिजच्या दारात, कानाच्या थेंबांशेजारी.