चाळीस अंशांची थट्टा

लंडनचा पारा तिशीपलीकडे गेला आणि इथल्या बातम्यांत उन्हाचे इशारे सुरू झाले, की अकोल्याहून मावसभावाचा निरोप आलाच म्हणून समजा. "ताई, बत्तीसला एवढा गोंधळ? आम्ही बत्तीसला गोधडी शोधतो." मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो आपापला आकडा टाकतो. अमरावती ४४, नागपूर ४५, आणि शेवटी चंद्रपूरची आत्या सगळ्यांवर मात करून गप्प बसते. गंमत म्हणून ठीक आहे. मीही त्याच उन्हात वाढले, आणि २६ अंशांना बागेत अंगावरचे कपडे काढून पडलेली माणसं पाहिली की हसू मलाही येतं. पण थट्टेच्या मागे एक समजूत दडलेली आहे: आपल्याला सवय आहे, यांना नाही, विषय संपला. ही समजूत मला धोक्याची वाटते, आणि इथल्यांपेक्षा तिकडच्यांसाठी जास्त.

१९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनमध्ये पारा चाळिशीला टेकण्याची ती पहिलीच वेळ. आधीचा उच्चांक २०१९ च्या जुलैतला, केंब्रिजचा, ३८.७. आदल्याच दिवशी ल्यूटन विमानतळाच्या धावपट्टीचा काही भाग उन्हाने उचलला गेला आणि विमानं थांबली. लंडनच्या पूर्व टोकाला वेनिंग्टन नावाचं गाव आहे, तिथे वणव्यात घरं जळून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर एवढा धावपळीचा दिवस पाहिला नव्हता, असं लंडनचं अग्निशमन दल म्हणालं. गाईज आणि सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालयांतले संगणक बंद पडले, कारण सर्व्हर थंड ठेवणारी यंत्रणाच उन्हापुढे टिकली नाही. डॉक्टर पुन्हा कागदावर लिहू लागले.

यातलं रेल्वेचं प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं. इथले रूळ २७ अंशांना त्यांच्यावर ताण राहणार नाही अशा बेताने बसवलेले असतात. भर उन्हात पोलाद हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापू शकतं. मग रूळ वाकायची भीती असते, म्हणून गाड्या हळू चालवतात किंवा सरळ रद्द करतात. भारतात हाच हिशेब बऱ्याच वरच्या तापमानाला धरलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात बडनेऱ्याला गाडीला उशीर झाला तरी त्याचं कारण सहसा दुसरंच असतं. पोलाद दोन्हीकडे तेच. आपल्या पोलादाला उन्हाची सवय झालेली नसते, कुणीतरी आधी गणित मांडून ठेवलेलं असतं.

घरांचंही तसंच. आमचं घर जुन्या विटांच्या इमारतीत, थेट छपराखाली. दिवाणखान्याची मोठी खिडकी पश्चिमेला. इथे जूनच्या अखेरीस सूर्य पहाटे पाचच्या आधी हजर होतो आणि रात्री सव्वानऊ वाजून गेले तरी हलत नाही, म्हणजे जेवणं आटोपली तरी सोफ्यावर ऊन पडलेलं असतं. काचेच्या आतून पडदा ओढून फारसा उपयोग होत नाही, कारण ऊन तोवर काच ओलांडून घरात आलेलं असतं. ते बाहेरच अडवावं लागतं. स्पेन-इटलीत त्यासाठी खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा असतात, आपल्याकडे छज्जा, गॅलरी, बांबूची चटई. इथे यातलं काहीच नाही. पोरं पडू नयेत म्हणून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना खटका लावलेला असतो, त्यामुळे खिडकी वीतभरही उघडत नाही आणि रात्रीचा गारवा आत घ्यायचा मार्गच बंद. मी दुपारी त्या फटीतून हात घालून जुनी पांढरी चादर बाहेरच्या बाजूला चिमट्यांनी अडकवते. समोरच्या घरातले लोक बघतात. बघू देत. चादर असते त्या दिवशी खोलीत बसवतं, नसते त्या दिवशी बसवत नाही.

खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहतात. उकडतं म्हणून त्या भर दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघडतात आणि बाहेरची झळ घरात बोलावून घेतात. अंगात लोकरीचं जाकीट तसंच. मी खिडक्या लावायला सांगितल्या की त्या १९७६ सालावर येतात. त्या उन्हाळ्यात म्हणे दोन-अडीच महिने पाऊस नव्हता, नळ बंद होते, लोकांनी रस्त्यावरच्या सामायिक नळांवरून पाणी भरलं, सरकारने दुष्काळासाठी खास मंत्री नेमला, आणि तरी कुणी तक्रार केली नाही. त्या वर्षीचं सर्वोच्च तापमान ३५.९ होतं हे सांगण्यात अर्थ नसतो, कारण ही आठवण आकड्यांसाठी सांगितलेलीच नसते. माझ्या मावसभावाची फुशारकी आणि या बाईंचं १९७६ एकाच जातीचं आहे. दोघांचंही म्हणणं एवढंच, की आम्ही काटक आहोत, तुम्ही उगीच काळजी करता.

विदर्भाची सवय खरोखर कशाची होती ते बघा. शाळा सकाळची. बाजार अकराच्या आत. दुपारी बारानंतर रस्ते ओस, दुकानांची शटरं अर्धी खाली. डोक्याला-कानाला शेला बांधल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि पडलोच तर खिशात कांदा (कांद्याने काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही, पण आईचा विश्वास होता). माठ, पन्हं, ताक. खिडकीला वाळ्याची ताटी, नंतर तिच्या जागी कुलर आला, आणि कोरड्या हवेत तो असं काम करतो की कोकणातल्या माणसाला खरं वाटू नये. रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरुणं. यातला घामाचा, म्हणजे शरीराच्या काटकपणाचा भाग किती? शरीर उन्हाला सरावतं, हे खरं. आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा भार हलका होतो. पण गारव्यात राहिलं की तो सराव काही आठवड्यांतच ओसरतो. माझं वऱ्हाडी शरीर एका हिवाळ्यात विलायती झालं. वऱ्हाडात टिकून होती ती दिनचर्या आणि घराची रचना. म्हणजे एक अख्खी व्यवस्था होती, आणि तिला आपण अंगातला गुण समजत आलो.

ही व्यवस्था आपण आपल्याच हाताने मोडतो आहोत, आणि सर्वांत आधी तिथे, जिथे ऊन फारसं नसे. माझं सासर पुण्याचं. सासरेबुवा अजूनही सांगतात, की त्यांच्या तरुणपणी एप्रिलमध्ये संध्याकाळी टेकडीवर गेलं की अंगावर काटा यायचा. आता त्याच घरात दोन एसी आहेत आणि एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीवर जातो. नव्या सोसायट्या पाहिल्या की मला लंडन आठवतं. पश्चिमेला मजल्यामागून मजले काच, वर छज्ज्याचं नाव नाही, सरकत्या खिडकीचा निम्मा भाग कायमचा बंद, आणि खाली झाडाच्या जागी पार्किंगचं काँक्रीट. बाणेर-खराडीत आपण ज्या घरांसाठी आयुष्यभराचं कर्ज काढतो, ती विजेशिवाय मे महिन्यात राहण्याजोगी नसतात. जाड मातीच्या भिंती, चौक आणि ओसरी असलेले वाडे पाडून आपण हे मिळवलं. ब्रिटिशांनी थंडीसाठी घरं बांधली, त्यांची गफलत समजू शकते. पुण्याचं कारण काय?

'पुण्याची हवा' हेच कारण असावं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर वसलेल्या शहराला वाटत राहतं, की ऊन ही जळगाव-अकोल्याची गोष्ट. म्हणून वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायचा की नाही, नदीकाठची झाडं तोडायची की नाही, हे वाद पेटले की विरोध करणाऱ्यांना निसर्गप्रेमी म्हणून बाजूला बसवलं जातं. रात्री शहर निवतं ते या टेकड्या आणि झाडांमुळे. हा सरळसरळ आरोग्याचा प्रश्न आहे, पण महापालिकेच्या चर्चेत तो सुशोभीकरणाच्या खात्यात जातो. नागपूरने २०१६ पासून उष्णतेचा कृती आराखडा राबवायला घेतला, कारण तिथे ऊन कुणाला नाकारता येत नाही. त्याआधी २०१३ मध्ये अहमदाबादने असा आराखडा केला, तोही २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत शहरात तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाल्याचं दिसून आल्यावर.

सवयीवर विसंबणं किती महाग पडतं, हे १६ एप्रिल २०२३ ला खारघरला दिसलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखोंची गर्दी, भर दुपार. उन्हाने १४ माणसं गेली. पारा चाळिशीच्या खालीच होता. पण किनाऱ्यालगतच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. हवामान खातंही लाट जाहीर करताना मैदानी भागाला ४०, किनाऱ्याला ३७ आणि डोंगराळ भागाला ३० असे वेगवेगळे उंबरठे धरतं, ते उगीच नाही. त्या मैदानावरची माणसं इथल्या बागेत पहुडलेली गोरी मंडळी नव्हती. गावखेड्यातली, उन्हातान्हात वावरलेली होती.

आता इथलं बरं काय ते. एक म्हणजे हे लोक मोजतात. २०२२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पाच लाटा आल्या, त्या काळात नेहमीपेक्षा सुमारे तीन हजार मृत्यू जास्त झाले, असं इथल्या आरोग्य सुरक्षा संस्थेने जाहीर केलं. दाखल्यावर 'उष्माघात' लिहिलेले मृत्यू मोजून हा आकडा येत नाही. त्या दिवसांत एरवी किती माणसं गेली असती आणि प्रत्यक्षात किती गेली, यांतला तो फरक. हृदयविकाराने गेलेली आजी त्यात येते, मूत्रपिंडाने दगा दिलेले आजोबा येतात. आपल्याकडे सरकारी आकडा बहुतेक वेळा डॉक्टरांनी उष्माघात असं नोंदवलेल्या मृत्यूंचाच असतो. म्हणून ४५ अंशांतल्या जिल्ह्याचे बळी दोन-चारांवर थांबतात आणि आम्हाला काही होत नाही म्हणायला आपण मोकळे.

मोजलं की कुठे धावायचं ते कळतं. २०२१ च्या जूनअखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात लिटन नावाच्या गावी ४९.६ अंश झाले आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव जळालं. सगळ्या जगाने ती छायाचित्रं पाहिली. पण त्या लाटेत प्रांतात उन्हाने गेलेल्या ६१९ लोकांचा तपास झाला, तेव्हा दिसलं की जवळजवळ सगळे घराच्या छताखाली गेले होते, आणि निम्म्याहून अधिक एकटे राहणारे होते. फ्रान्समध्ये २००३ च्या ऑगस्टात १५ हजारांच्या आसपास माणसं दगावली, तीही मोठ्या संख्येने एकटी म्हातारी माणसं. त्यानंतर तिथल्या नगरपालिका अशा लोकांची नोंदवही ठेवू लागल्या, आणि लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस होते. पुण्यात पोरं परदेशी आणि आई-वडील चौथ्या मजल्यावर, अशी घरं किती आहेत? मला त्यांची काळजी वाटते, आणि आमच्यासारख्यांच्या व्हिडिओ कॉलने खोलीतली उष्णता कळत नाही.

बाकी इथेही आनंदच आहे. कामाच्या जागी तापमान किमान १६ असावं असं सरकारी मार्गदर्शन सांगतं, वरची मर्यादा मात्र कायद्यात नाही, फक्त 'वाजवी' असावं एवढंच. टीयूसी हा कामगार संघटनांचा महासंघ गेली कित्येक वर्षं ३० अंशांची मर्यादा मागतो आहे, अंगमेहनतीच्या कामाला २७. लंडनच्या भुयारी रेल्वेत, सेंट्रल लाइनच्या खोल बोगद्यांत एसी नाही. शंभर वर्षं गाड्यांची उष्णता शोषून भोवतालची चिकणमातीच तापली आहे. ऑगस्टात त्या डब्यात शिरल्यावर मी मनातल्या मनात अकोल्याच्या मावसभावाची माफी मागते.

३० अंशांची ही मागणी कळली तर ग्रुपवर काय होईल ते मी सांगायला नको. पण त्याच अकोल्यात २०२४ च्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेल्यावर, जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं. जमाव नको, दुपारचे क्लास बंद, मालकांनी कामगारांना पाणी आणि सावली द्यावी. पुढच्या वर्षी राज्यभर परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, तेव्हा विदर्भातल्या शिक्षकांनी विरोध केला, आणि त्यावरही मुलांना फार लाडावू नका असं म्हणणारे निघालेच. पत्र्याच्या छताखाली दुपारी एक वाजता एकदा बसून बघायला हवं होतं त्यांनी.

एसी लावावा की पर्यावरणासाठी टाळावा, या वादात मी म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे. ज्यांना परवडतो त्यांनी आई-वडिलांच्या खोलीत जरूर लावावा, त्यात पर्यावरणाचा कसला आलाय अपराधीपणा. पण पुण्या-नाशकात नव्या इमारतीला परवानगी देताना अग्निशमनाचा दाखला मागतात, तसा पश्चिमेच्या काचेवर छज्जा आहे का, रात्री वारा खेळेल एवढी खिडकी उघडते का, हेही तपासलं पाहिजे. इंग्लंडने जून २०२२ पासून नव्या घरांना अति तापण्याविरुद्धचे नियम लागू केले, तेही चाळिशी गाठण्याच्या महिनाभर आधी. आणि त्या इमारतीवर स्लॅब टाकणाऱ्या माणसाला एप्रिल-मे मध्ये बारा ते चार काम बंद, हा नियम हवा, मजुरी न कापता. कापली तर तो शेडमध्ये बसणार नाही, आणि मग आपण म्हणू, त्याला सवय आहे.